झेंडूवाल्या बायकांचा अहवाल

"मग त्या बायका शिकणारच नाहीत, असं तुझं म्हणणं?" पूजेची उपकरणी घासता घासता माईंनी विचारले.

"नाहीच शिकणार, माई. मी हात टेकले."

प्रणिताने लहानपणी याच मठात, मठ सांभाळणाऱ्या माईंच्या हातून तुळशीची माळ घातली होती. आता ती बचत गटांना पैशाचा व्यवहार शिकवीत असे. तालुक्यात आपल्याइतके चोख शिकवणारे दुसरे कोणी नाही, हे तिला पक्के ठाऊक होते.

महामारीचे दुसरे वर्ष होते. देवळांना कुलुपे लागली आणि गावातल्या अकरा बायकांचा झेंडू शेतातच सुकू लागला. बायकांनी हाय खाल्ली नाही. पाकळ्या वाळवून रंग बनवणाऱ्या एका व्यापाऱ्याला त्या देऊ लागल्या. पैसे थेट प्रत्येकीच्या खात्यात येऊ लागले. मात्र पावसाळ्यात धंदा तगायचा, तर वाळवणीचे यंत्र हवे होते. सरकारी योजनेतून ते मिळणार की नाही, हे प्रणिताच्या अहवालावर ठरायचे होते.

सहा रविवार तिने मठाच्या ओसरीवर बायकांना अंतर राखून बसवले. नफा, तोटा, व्याज, विमा, सारे समजावले. शेवटच्या रविवारी एकच प्रश्न विचारला: तुमच्या खात्यात आज किती आहेत?

एकीलाही सांगता येईना. कुणी घरी विचारून सांगते म्हणाली, कुणी पदराआड हसली. कौसाबाईंनी तर कहरच केला. "खातं माझंच आहे, बाई. त्यात काय आहे, ते आमच्या ह्यांना ठाऊक."

प्रणिताचे डोके फिरले. जागच्या जागी तिने अहवालाच्या कागदावर अकराही नावांपुढे 'अपात्र' असे लिहून टाकले.

माईंनी धुतलेले ताम्हन पालथे घातले. पैसे आल्याचा निरोप कुठे येतो, एवढेच त्यांनी विचारले. मोबाइलवर, असे प्रणिताने सांगितले.

"कुणाच्या?"

नवऱ्यांच्या. टाळेबंदीत बँकेपुढच्या रांगेत पुरुषच उभे राहिले होते आणि बायकांच्या अर्जांवर आपापले नंबर लिहून आले होते.

"पण मग नंबर बदलून घ्यायचा ना, माई. एवढी साधी गोष्ट सुचू नये? मी तरी काय काय म्हणून शिकवू?"

माई समईची काजळी पुसत राहिल्या…

"तुझ्या खात्यात आज किती आहेत गं?"

"माझ्या?" प्रणिताला हसू आले. पगार परवाच झाला होता. तिने मोबाइल उचलला, नवऱ्याचे नाव काढले, कानाला लावला…

आणि ती थबकली. सारखे गावोगाव फिरावे लागते, म्हणून बँकेचे सगळे निरोप दोन वर्षांपूर्वी तिनेच त्याच्या नंबरावर वळवून दिले होते.

"हं, बोल," पलीकडून आवाज आला. "बोल की…"

प्रणिताने फोन बंद केला.

माईंनी ओले हात पदराला पुसले आणि अहवालाचा कागद तिच्यापुढे सरकवला.

"खुशाल पाठव, बाळ. यादीत एक नाव तेवढं राहिलंय."