सोनकीचा हात आणि निर्गुडीची परी

डोंगराच्या पार पोटात, जिथे पायवाटसुद्धा दमून बसते, तिथे पाच-सात कौलारू घरांची एक वाडी होती. त्या वाडीत सोनकी राहायची. सोनकी म्हणजे पठारावरचं पिवळंधमक इवलंसं फूल. लेक पोटात होती तेव्हाच आईने हे नाव ठरवून ठेवलं होतं. पण त्या नावाने हाक मारायला आई उरलीच नाही. पहिलं बाळंतपण म्हणून माहेरी आली, आणि सोनकी जन्मली त्याच दिवशी गेली.

मग सोनकी मामीकडे वाढली. वाढली म्हणायचं आपलं! पाणी तिने भरायचं, शेण तिने काढायचं, आणि ताटात भाकरीचा करपलेला पापुद्रा. मामीचा शब्द म्हणजे कडुनिंबाचा रस, तोही रोज सकाळी अनशापोटी.

एका झगझगीत दुपारी मामीलाच बाळंतपणाच्या कळा सुरू झाल्या. मामा बाजाराला गेलेला. म्हातारी भागू सुईण आली, तिने चूल पेटवली आणि सोनकीला हाक मारली.

"सोनके, वढ्याकाठची निरगुडी ठावं हाय ना? वंजळभर पाला घिऊन ये. गरम करून कमरंला शेकला की बाईचा जीव जरा निवतो. पळ!"

सोनकी पळाली. ओढ्याकाठी निर्गुडी फुलली होती. निळेजांभळे तुरे, रुपेरी पाठीची पानं, त्यांवर चतुरांच्या काचेसारख्या पंखुल्या चमचमत होत्या. पण सोनकीचा हात पानापाशी थांबला. तिच्या मनात आलं, ओरडू दे की मामीला जरा! आलं खरं. तुमच्याही मनात आलं असतं, उगाच नाकं मुरडू नका.

तेवढ्यात वरून मामीची किंकाळी आली. सोनकी भानावर आली. तिने झाडापुढे हात जोडले.

"निरगुडीबाई, पाला नेते हं. आमच्यात बाळ येतंय."

त्याबरोबर सगळ्यात उंच तुरा लखलखला आणि त्यातून बोटाएवढी परी बाहेर आली. जांभळा झगा, दवाच्या मण्यांचे पैंजण, डोळ्यांत निळ्या निळ्या चांदण्या.

"किती वर्षांनी कुणी विचारून पान तोडलं गं!" परी म्हणाली. "नाहीतर येतात, ओरबाडतात, आणि काम झालं की मला म्हणतात रानगवत. गरज सरो, वैद्य मरो! तुला एक इच्छा देते, राणी. पण नियम आहेत."

"कोणते?"

"पाला सगळी कळ घेत नाही, त्याच्यात मावेल तेवढीच घेतो. म्हणून बाईला खोटी आशा दाखवायची नाही. आणि एकदा मामीच्या पाठीवर हात ठेवलास, की बाळ रडेपर्यंत उचलायचा नाही."

सोनकीचा आवाज चिमुकला झाला. "मला आई बघायचीय. एकदाच."

"दाखवीन," परी म्हणाली.

घरी भागूने पाला तव्यावर परतून पुरचुंड्या बांधल्या. आधी आपल्या मनगटावर टेकवून बघितल्या, मग मामीच्या कमरेवर ठेवल्या. एक निवली की दुसरी. सोनकीचा हात पाठीवर गोल गोल फिरत राहिला. घरभर उग्र हिरवा वास दाटला. मामीच्या आवळलेल्या मुठी थोड्या सैल झाल्या.

"समदी थांबंल का गं कळ?" मामीने विचारलं.

"न्हाई मामी. थोडी."

मामी एकदम रडायला लागली. "तुझी आई हितंच पडली हुती. तुझा मामा भागूला आणाया गेल्याला. वैनी, वैनी करून मला हाका मारीत हुती. आमचं लुगड्यावरनं वाजलं हुतं. मी दार लावून बसले. ह्योच पाला मी तिला शेकायचा हुता."

सोनकीचा हात झटक्यात उचलला गेला.

ती अंगणात धावली. कुंपणावर परी बसली होती, पंख मिटून.

"माझी इच्छा गेली ना?"

"गेली गं राणी."

"मी परत हात ठेवला तर?"

"तरी नाही. नियम तो नियम."

सोनकी हमसून हमसून रडली. आई हाताशी येऊन निसटली होती, आणि तीही ह्या मामीपायी! तिला मामीचा राग आला, परीचा आला, त्या मेल्या लुगड्याचासुद्धा आला.

आतून मामीचा आवाज आला, "सोनके, हायस का गं?"

सोनकी दाराकडे बघत राहिली. असंच कुणीतरी हाक मारली होती, आणि दार उघडलं नव्हतं. तिने डोळे पुसले. आता मिळणार काहीच नव्हतं. तरी ती आत गेली आणि मामीच्या पाठीवर हात ठेवला.

"आई वाचली असती का गं, आजी?" तिने भागूला विचारलं.

"पाल्यानं न्हाई, बाय. पर येकटी नसती ऱ्हायली."

उन्हं कलली तेव्हा बाळ रडलं. गुलाबी गुलाबी, पिटुकली मुलगी. मामीने तिला आधी सोनकीच्या मांडीवर दिलं. मामी पुढे गोड झाली का? छे! कडू कारलं तुपात तळलं, साखरेत घोळलं, तरी कडू ते कडूच. पण करपलेला पापुद्रा त्या दिवसापासून ती स्वतः खायला लागली.

बाळाला मामीकडे देऊन सोनकी अंगणात येऊन बसली. परी अजून कुंपणावरच होती.

"इच्छा नियमाने गेली," परी हळूच म्हणाली. "पण काही न मिळता तू परत आत गेलीस. त्याला माझ्याकडे नियमच नाही. डोळे मीट."

सोनकीने डोळे मिटले. पापण्यांच्या आतसुद्धा जांभळा-सोनेरी प्रकाश भरला. निर्गुडीचा वास आला. आणि तिच्या पाठीवर एक मोठा, उबदार हात टेकला. गोल गोल फिरला.

सोनकीने डोळे उघडले तेव्हा प्रकाश विझला होता आणि कुंपण रिकामं होतं. परी गेली होती. हात कुणाचा, ते तिने सांगितलं नव्हतं. सोनकीनेही विचारलं नाही.