संकल्प कोणाचा, वसा कोणाचा

सत्यनारायणा, तुझ्याच पूजेला आमच्या घरी घडलेली ही गोष्ट.

अंध मुलांना धडे वाचून दाखवणारा प्रोग्राम ह्यांच्या कंपनीला बाहेरून कामं करून देणाऱ्या मृण्मयीने करून दिला होता, कोणालाही फुकट घेऊन बदलता येणाऱ्या एका मुक्त सॉफ्टवेअरवरून. त्याचा वसा एकच: पुढे ज्याला द्याल, त्याला आतला कोडही उघडा द्यायचा. ह्यांनी मात्र तो कुलूपबंद करूनच शाळांना विकला.

प्रसादाला आलेल्या अंधशाळेच्या बाई म्हणाल्या, "साहेब, आमच्या पोरांना अहिराणीच समजते. कोड द्या, आम्ही ती घालून घेऊ."

"वसा घेतला मृण्मयीने. मी फक्त काम करवून घेतलं," हे पाटावरूनच गरजले.

पूजेला आलेली मृण्मयी हळूच म्हणाली, "काका, आज पोथी कोणी वाचली?"

"गुरुजींनी."

"मग पुण्य त्यांचं?"

"वा गं! संकल्प मी सोडला, पुण्य माझं!"

"मग प्रोग्रामचा संकल्पही तुमचाच होता ना, काका? वसाही तुमचाच."

गुरुजींनाच आधी हसू फुटलं. कोड शाळेला मिळाला, पोरं अहिराणीत धडे ऐकू लागली. पण ह्यांनी मृण्मयीला पुन्हा बोलावलं नाही. दर पूजेला मी तिच्या वाट्याचा प्रसाद झाकून ठेवते. यंदा पाहते तर ह्यांनीच आधी वाटी झाकलेली. तिला फोन मात्र अजून त्यांच्याच्यानं होत नाही.