गाढवावरून आलेला राजा

नदीकाठच्या पिंपळसोंड गावात शांतवन महाराज मुक्कामाला होते, तेव्हाची ही हकिगत. महाराज ख्रिस्तभक्त. एकतारी लावून ओव्यांतून शुभवर्तमान सांगत, आणि ऐकायला गावातल्या सगळ्या आळ्यांतली माणसं लोटत.

झावळ्यांच्या रविवारी त्या गावात एक रीत होती. प्रभू ख्रिस्त राजा म्हणून येरुशलेमात आले त्या दिवसाची आठवण म्हणून देवळातला लाकडी क्रूस वेशीबाहेर नेऊन ठेवत, आणि माणसांच्या खांद्यावरून वाजतगाजत परत आणत. त्या वर्षी मात्र ख्रिस्ती मंडळीचे पंच शलमोनराव देठे यांनी क्रूसासाठी वरातीचा पांढरा घोडा मागवला, वर जरीची झूल. त्यालाही कारण होतं. त्यांची एकुलती एक लेक सलोमी पाय लुळे पडल्यामुळे वर्षभर खाटेवर पडून होती. औषधं झाली, उपास झाले. राजा थाटात आपल्या दारी येईल आणि पोरीला उठवील, अशी त्यांची पक्की समजूत झाली होती. बापाचं मन ते, त्याला काय म्हणावं?

आदल्या दिवशी रिबकाबाई कुंभारीण भीतभीत पंचांकडे आली. एकटी बाई, गाढवावर माती वाहून मडकी घडवायची.

"दादा, शास्त्रात तर देव गाढवावर बसून आला असं हाय. माझं गाढव धुऊनपुसून आनू का?"

शलमोनराव हसले. "गाढवावरून धिंड काढत्यात बाई, मिरवणूक न्हाई. आमच्या राजाची शोभा करतीस का?"

बसलेली माणसंही हसली. बाईने पदराने डोळे टिपले आणि वाट धरली. महाराज ओट्यावरून ऐकत होते.

रविवारी वेशीबाहेर ताशा कडाडू लागला. क्रूस घोड्यावर चढवायला चौघे वाकले. क्रूस हलेना. आणखी माणसं आली, पहारी लावल्या, तरी तो जमिनीला खिळल्यासारखा जागचा ढळेना. घोडा फुरफुरत मागे सरला. ताशा आपोआप थांबला.

महाराज म्हणाले, "रिबकाबाईंना बोलवा. गाढव घेऊन या म्हणावं."

"मग माझ्या दारात ही वरात येऊ नये," शलमोनराव ओरडले. घरी जाऊन त्यांनी आतून कडी घातली.

रिबकाबाई गाढव घेऊन आली आणि तिने क्रूसाला हात लावला. आणि काय सांगावं, तिच्या एकटीच्या हातांनी तो उचलला गेला! रिकामी पाटी उचलावी तसा. तिने तो गाढवाच्या पाठीवर ठेवला. गाढव चालू लागलं. कोणी दोर ओढला नाही, कोणी हाकललं नाही. देवळाची वाट सोडून ते सरळ शलमोनरावांच्या बंद दारापुढे जाऊन उभं राहिलं.

महाराज दाराशी गेले. "शलमोनराव, येरुशलेमातल्या लोकांनाही तलवार घेतलेला राजा हवा होता. शत्रूला हाकलून देईल, सिंहासनावर बसेल, असा. म्हणून दारात आलेला त्यांना ओळखता आला नाही. तुम्हीही त्याला परत पाठवणार का?"

आत शलमोनराव भिंतीला टेकून उभे होते. तेवढ्यात खाटेवरून आवाज आला.

"आबा, दार उघडा की. बाहेर कोण आलंय? माझ्या पायात ऊब उतरतीया."

त्यांनी वळून पाहिलं. सलोमीचे पाय खाटेखाली टेकले होते. भिंत धरून ती उभी राहिली. एक पाऊल टाकलं, मग दुसरं. तिनेच कडी काढली.

दारात गाढव उभं होतं, अंगाला अजून मातीचा वास, पाठीवर क्रूस.

शलमोनरावांनी डोक्यावरचा फेटा सोडला आणि गाढवाच्या खुरांपुढे धुळीत अंथरला. मग महाराजांच्या पायांवर डोकं ठेवून ते रडले. महाराजांनी त्यांना उठवलं आणि रिबकाबाईकडे बोट केलं.

शलमोनराव तिच्यापुढे वाकले. "ताई, धिंड म्हनालो होतो मी. देवळापतुर दोर माझ्या हाती दे."

तिने दोर दिला. सलोमी एका हाताने क्रूसाला धरून चालू लागली, आणि मंडळीचे पंच उघड्या डोक्याने, खाली मान घालून, गाढवाच्या पुढे निघाले.