सात आठे, आठ साते

संक्रांतीच्या सकाळी धुकं असं दाटलं होतं, की मठीच्या दारातला पिंपळसुद्धा दिसेना. गारठा हाडांत शिरत होता.

"बाबा, गणिताला भ्यावं कुणी? माझ्या पोरीनं?"

हणमंत मास्तर दारातूनच विचारत आले. त्यांच्या हाताखालची पोरं दरसाल स्कॉलरशिप मिळवत. आणि त्यांचीच सगुणा, तिसरीतली, पाढ्यांची वेळ झाली की शेजारच्या मठीत जाऊन दडायची. आज तर "घरी येणारच नाही" म्हणून बसली होती.

भीमगिरी बाबा चुलीपाशी तिळाचे लाडू वळत होते. सगुणा ते फडक्यावर मांडत होती. आठ-आठच्या ओळी. सातवी नुकतीच भरली होती.

बापाला पाहिलं आणि ती बाबांच्या पाठीमागं सरकली.

मास्तर तिला जवळ घ्यायला वाकले. पण तोंडातून निघालं ते भलतंच.

"सात आठे किती? सांग बघू बाबांना."

"अरे मास्तर, सणासुदीचं तरी..."

"रोजचं आहे हे, बाबा. हं, सांग!"

"सात आठे... चौपन्न?"

मास्तरांनी आ वासला. तेवढ्यात बाबांनी तळहातावरचा गरम लाडू त्या तोंडात कोंबला.

"तिळगूळ घे," बाबा म्हणाले, "आणि गप बस."

चिक्कीचा गूळ तो. वरचे दात खालच्या दातांना जे चिकटले, ते सुटेनात.

सगुणानं डोळे गच्च मिटले होते, ओरडा ऐकायला. ओरडा काही आला नाही... तिनं एक डोळा उघडला. अप्पांचे गाल फुगलेले, डोळ्यांत पाणी. ती फिस्सकन हसली.

मग तिची नजर फडक्यावर गेली. तिथंच राहिली...

"पाच ओळींचे चाळीस... राहिल्या दोन, त्यांचे सोळा... छप्पन!"

मास्तर "उं, उं" करू लागले. असं जोडून नव्हे, पाढा पाठ पाहिजे, असं काहीसं. बाबांनी नुसता तळहातावर दुसरा लाडू वळून दाखवला. मास्तर खाली बसले.

सगुणानं मान तिरकी केली. अजून तिरकी केली. मग उठली, फडक्याला वळसा घालून आली आणि बापाच्या गुडघ्याला टेकून बसली. इतक्या जवळ ती कधी बसली होती, ते मास्तरांना आठवेना.

"अप्पा! तुमच्या बाजूनं आठ ओळी दिसतात. सात-सातच्या! लाडू तेवढेच!"

मास्तरांनीही मान वाकडी करून ओळी पाहिल्या.

"म्हणजे सात आठे आणि आठ साते एकच की! मग पाचापर्यंतचे पाढे येतात, म्हणजे आठाचा निम्मा पाढा मला आधीच येतोय, अप्पा. फुकटात!"

आणि ती पळाली, आईला सांगायला. आपल्याच घराकडं.

मास्तर तसेच बसून राहिले. गूळ विरघळला, दात सुटले.

"बाबा..." शेवटी ते म्हणाले, "वर्षभर हेच तर सांगतोय मी तिला."

बाबांनी लाडू वळता वळता मान हलवली.

"मग तिला सापडणार कसं, मास्तर?"