अर्धवट घरटी

फार पूर्वी एका डोहावर वाकलेल्या बाभळीवर सुगरण पक्षी राहत. दरसाल वादळात त्यांची घरटी गरगरत आणि अंडी डोहात पडत. म्हणून राजा मोराने वादळात टिकेल असं घरटं बांधून पाहणाऱ्यांना रोज दाणे द्यायचं ठरवलं.

एकदा कारभारी बगळा पाहणीला आला. "भिवा, तुझी तीनही घरटी अर्धवट. उद्यापासून दाणे बंद!"

भिवा सुगरण चिडला. "घरटं जड झालं तर डोलणार नाही, म्हणून मी आतून चिखल लिंपतोय. पहिल्यातला गळून पडला. दुसऱ्यात जास्त झाला, फांदीच मोडली. तिसरं एका बाजूला कललं. आता कुठे मला चिखल कळायला लागलाय, आणि तुम्ही दाणे बंद करताय?"

मागे उभा असलेला मोर म्हणाला, "दाणे चालू ठेवा."

आषाढात वादळ आलं. सगळी घरटी गरगरली, पण भिवाचं चौथं घरटं जेमतेम हललं. मग सगळेच चिखल आणायला धावले.

पुढच्या वर्षी बगळा ऐटीत म्हणाला, "महाराज, यंदा एकही घरटं अर्धवट नाही!"

"एकही नाही?" मोराचा चेहरा उतरला.

तेवढ्यात पलीकडच्या फांदीवरून एक अर्धं घरटं तुटून डोहात पडलं.

मोराचा पिसारा फुलला. "ते कुणाचं? आधी त्याला दाणे द्या!"