आंदणाची गाय

एकदा एक विद्वान शिष्य एका म्हातारीपुढे डोक्याला हात लावून बसला होता. तिची हकीकत लिहून घ्यायची होती आणि ती काही केल्या नीट सांगत नव्हती.

त्या नगरात माणसे विकली जात, विकत घेतली जात, आणि लेकीच्या लग्नात भांड्याकुंड्यांबरोबर आंदण म्हणून सासरीही धाडली जात. ही प्रथा मोडावी म्हणून शिष्याचे वृद्ध आचार्य कित्येक वर्षे झगडत होते. अखेर राजाने सभा बोलावली. मात्र ज्याने ही प्रथा भोगली आहे, अशा एकाची तरी हकीकत सभेपुढे वाचली जावी, अशी त्याची अट होती. म्हातारीने ती पन्नासहून अधिक वर्षे भोगली होती. एका व्यापाऱ्याच्या घरी दळण-कांडणात तिचा जन्म गेला. हात थरथरू लागले, जाते ओढवेना, तेव्हा त्या सद्गृहस्थाने मोठ्या मनाने तिला मुक्त केले. तिची लेक मागेच वारली होती. उरली होती नऊ वर्षांची नात, ठकी. ती अजून त्याच घरात होती. येत्या महिन्यात व्यापाऱ्याच्या नातीचे लग्न होते आणि ठकी तिच्याबरोबर आंदण म्हणून दूरच्या बंदरावर जायची होती. सभेने प्रथा मोडली, तरच ती आजीजवळ राहणार होती.

इतके सगळे पणाला लागलेले, आणि ही बाई गाईवरून हलायला तयार नाही!

"आजी, तुम्हाला मारीत असत का?" शिष्याने तिसऱ्यांदा विचारले.

"मारलं असंल की येकदोनदा. त्येचं काय न्हाई. पर ती गाय व्हती ना, बाबा..."

"गाय राहू द्या. उपाशी ठेवीत का?"

"खरकटं मिळायचं. पोटभर मिळायचं. त्या गायीला मातुर..."

"आजी, मी तुमच्याविषयी विचारतो आहे, गाईविषयी नाही!"

"बरं, ऱ्हायलं. तुमी म्हनाल तसं," म्हातारी म्हणायची. घटकाभराने पुन्हा गाय यायचीच.

शिष्याच्या नाकी नऊ आले. पहिल्या दिवशी त्याने तिचे बोलणे जसेच्या तसे उतरवून घेतले होते. दुसऱ्या दिवशी वाचून पाहिले, तर सभेत हसे होईल असे वाटले. त्याने सगळ्या कागदावर आडवी रेघ मारली आणि नवी हकीकत लिहायला घेतली. विद्वान माणसाचा हा जुनाच रोग आहे. समोरच्याला काय म्हणायचे आहे ते त्याला समोरच्यापेक्षा आधी कळलेले असते. त्याने चाबूक लिहिला, अंधारकोठडी लिहिली, साखळदंड लिहिले. त्या व्यापाऱ्याच्या घरी साखळदंड बैलालासुद्धा नव्हते, पण वाक्य फार सुरेख झाले होते.

सभेच्या आदल्या दिवशी आचार्य आले. हकीकत तयार आहे म्हटल्यावर ते म्हणाले, "छान. आता ती तिला वाचून दाखव."

शिष्याने वाचली. मन लावून वाचली. ऐकता ऐकता म्हातारीने पदराने डोळे पुसले. शिष्याला वाटले, चला, कष्ट फळाला आले.

"लई सोसलं बिचारीनं," म्हातारी म्हणाली. "कुटली म्हनायची ही बाई?"

"अहो आजी, ही तुमचीच हकीकत आहे!"

म्हातारी गोंधळली. मग तिने समजूतदारपणे मान हलवली. "असंल बाबा. तुमी लिवलंय म्हंजी असंल."

शिष्याने कपाळावर हात मारून घेतला. आचार्य मात्र हसले नाहीत. त्यांनी कागदांच्या चळतीतून तो आडव्या रेघेचा पहिला कागद शोधून काढला, घडी करून आपल्या झोळीत टाकला आणि ते निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सभा भरली. पुढच्याच रांगेत तो वृद्ध व्यापारी बसला होता. म्हातारी खांबाशी उभी होती. शिष्य आपली सुरेख हकीकत घेऊन उठला, तोच आचार्यांनी ती त्याच्या हातून काढून घेतली आणि घडी केलेला कागद पुढे केला.

"आचार्य, हा तर मी खोडलेला कागद!"

"खोडलेले वाचता येते ना? मग वाच."

शिष्याला ब्रह्मांड आठवले. पण सभा थांबली होती. तो वाचू लागला.

"म्या नऊ वर्सांची व्हते. मालकाच्या लेकीचं लगीन झालं. आंदणात पितळंची घंगाळं व्हती, म्या व्हते आन एक गाय व्हती. मोरी तिचं नाव. नदीवर होडी लागली, तर मोरी होडीत चढंना. मागं बघून हंबरायची. तिचं वासरू काठावरच ऱ्हायलं व्हतं. मालक गड्यावर लई रागावलं. म्हनलं, लेकराची आन आईची ताटातूट करतूस व्हय रं, नरकात जाशील. होडी थांबवली. वासरू आनलं. मंग मोरी गप झाली. माजी आई बी काठावरच व्हती."

कागद तेवढाच होता. वृद्ध व्यापारी चिडून उठला.

"यात सांगण्यासारखे काय आहे? आंदणाची गाय सवत्सच द्यायची असते. तान्हे वासरू तोडून गाय देणे महापाप! होडी थांबवणारे ते माझे सासरे. आमच्या घराण्यात आईपासून लेकरू कधी कोणी..."

तो तिथेच थांबला. त्याने खांबाकडे पाहिले. पन्नास वर्षे ती त्याच्या घरात वावरली होती, पण तिला असे त्याने कधी पाहिले नसावे.

"तुझी आई," त्याने हळूच विचारले, "पुढे भेटली का?"

"न्हाई मालक," म्हातारी म्हणाली. "वासरू आल्यावर होडीत जागा न्हवती."

व्यापारी खाली बसला. कोणाकडेही न पाहता तो म्हणाला, "ठकीला आंदणातून काढा. तिच्या आजीकडे पाठवा."

त्या दिवशी सभेने माणसे आंदण देण्याची प्रथा मोडली. खरेदी-विक्री थांबायला आणखी तीन वर्षे गेली, कारण दर सभेत कोणाला ना कोणाला नवी शंका सुचतच होती. पण ठकी आजीकडे आली.

परतताना शिष्य धुसफुसत होता. "आचार्य, माझ्या हकीकतीत दुःख कमी होते का?"

"दुःख पुष्कळ होते," आचार्य म्हणाले. "म्हणूनच ती निरुपयोगी होती. तुझा चाबूक ऐकून सभेने उसासे टाकले असते, 'आमच्या घरी असले काही नाही' म्हटले असते आणि सगळे समाधानाने जेवायला गेले असते. चाबूक कोणाकोणाच्या घरी असतो. आंदणाची गाय सगळ्यांच्या घरी आहे. आणि दुसरे असे, की जन्मभर त्या बाईने लोक म्हणतील ते केले. आपण तिला सोडवायला निघालो, आणि तूही तिला तुझेच म्हणणे म्हणायला लावलेस. मग त्या व्यापाऱ्यात आणि तुझ्यात फरक किती उरला, याचा जरा विचार कर."

शिष्याचा राग अजून गेला नव्हता, पण आता तो स्वतःवर होता. दुसऱ्या दिवशी तो तिच्याकडे गेला. अंगणात ठकी खेळत होती. त्याने कोरा कागद पुढे ओढला.

"आजी, सुरुवातीपासून सांगा."

"पर त्यात गाय येती, बाबा," म्हातारी भीत भीत म्हणाली.

"येऊ द्या," तो म्हणाला आणि बोरू शाईत बुडवून थांबला.

दुसऱ्याचे दुःख ऐकायला बसलेल्याने एवढे जपावे, की जे ऐकताना आपला जीव वैतागतो, ते वाक्य आधी खोडू नये.