अंबूबायने दोर धरला

प्रभू येशूचे प्रेषित संत थोमा गलबतातून आपल्या किनाऱ्याला उतरले आणि काही काळ शेवतळ नावाच्या कोळ्यांच्या गावात राहिले, अशी एक कथा आहे. गाव अगदी खाडीच्या तोंडाशी. वाळूवर ओढून ठेवलेल्या होड्या, वाळत घातलेली जाळी, आणि एका टोकाला उंडीच्या झाडाखाली प्रेषितांची झोपडी. त्यांना सुतारकी येत असे. दिवसभर कुणाचे वल्हे तासून दे, कुणाच्या होडीची फट बुजवून दे, असे त्यांचे चालायचे. मोबदला म्हणून कुणी ओंजळभर तांदूळ देई, कुणी नुसताच रामराम करून जाई. बाबांची कशालाच ना नसे. संध्याकाळी झाडाखाली बसून ते प्रभूच्या गोष्टी सांगत. गाव त्यांना थोमाबाबा म्हणे.

या गोष्टींना न चुकता येणारी एक बाई होती, अंबू. नवरा समुद्राने नेला, तेव्हापासून ती काथ्याचे दोर वळून पोट भरत होती. एकुलत्या एक धाकूला तिने त्याच कमाईवर वाढवले, हातातोंडाशी आणले. बाई फाटकी, पण मान ताठ! बाबांच्या तोंडून प्रभूचे नाव ऐकले आणि तिने ते मनाशी घट्ट धरले. गाव काय म्हणेल याची तिला फिकीर नव्हती.

आणि गाव म्हणायचे बरे का! सगळ्यांत पुढे मानाजी नाखवा. पाच होड्यांचा धनी, आवाज असा की वाऱ्यातही लांबवर ऐकू जावा. अंबू झाडाकडे निघालेली दिसली की हा जाळ्यावरून उठून म्हणे, "काय गो अंबू, निघालीस? ज्याला स्वतःला क्रुसावरून खाली उतरता आलं नाही, तो तुला तारणार होय?"

लोक खो खो हसत. अंबू थांबायचीसुद्धा नाही. "तारील तेव्हा बघालच की, नाखवा!" एवढे म्हणून ती चालू लागे.

त्या साली मानाजीने सहावी होडी बांधली. होडी कसली, लहानसे गलबतच ते! किनाऱ्यावर उंच वाळूत ती उभी होती आणि पाण्यात लोटण्याचा मुहूर्त दोन दिवसांवर आला होता. आता शेवतळात एक रीत होती. नव्या होडीला पाण्यात नेताना विधवेने हात लावायचा नाही, दोरालासुद्धा नाही. लावला तर होडी बुडते, असे सगळे मानत. अंबूही लहानपणापासून तेच ऐकत आली होती. म्हणून ती त्या होडीच्या लांबूनच जायची.

एका दुपारी वारा फिरला. बघता बघता समुद्र खवळला. धाकू आणि मानाजीचा मुलगा रावळू सकाळीच लहान होडी घेऊन समोरच्या खडकावर शिंपल्यांतली कालवे काढायला गेले होते. लाटेने त्यांची होडी खडकावर आपटली आणि तिच्या फळ्या झाल्या. किनाऱ्यावरून सगळे स्वच्छ दिसत होते. दोघे पोरगे खडकाच्या माथ्यावर उभे, रावळू डोक्याचे फडके हलवतोय, आणि भरतीचे पाणी चढतेय.

गावाने लहान होड्या लोटल्या. लाटांनी त्या उलट्या फेकून दिल्या. आता तग धरील अशी एकच होडी होती, मानाजीची नवी. पाणी तिच्यापर्यंत चढले असते तर ती आपोआप तरंगली असती. पण तोवर खडक बुडाला असता. तेव्हा मानाजीने मुहूर्त गुंडाळून ठेवला. खाली ओंडके घातले, दोर बांधले, सारे गडी लागले. "होऽ हैय्या!" होडी जागची हलेना. तिचा तळ वाळूत रुतून बसला होता. पुन्हा जोर लावला, गड्यांचे पाय वाळूत गेले, होडी ढिम्म!

मानाजीने घाम पुसत मागे वळून पाहिले, तर अंबू उभी.

"तू इथं? म्हणूनच होडी हलत नाही! चल, मागं हो!"

"माझं पोर आहे तिथं, नाखवा."

"आणि माझं नाही? म्हणूनच सांगतो, दोराला हात लावू नकोस. मधेच होडी बुडाली तर दोघंही गेले!"

खरे सांगायचे तर अंबूही दोराकडे जाता जाता थांबली. नवऱ्याची होडी गेली तो दिवस तिच्या डोळ्यांपुढे उभा राहिला. खरेच आपला हात वाईट असला तर? आपल्याच हाताने आपण धाकूला बुडवू? एवढ्यात थोमाबाबा हातातला लाकूड तासायचा वाकस टाकून धावत आले. तिने त्यांनाच विचारले, "बाबा, खरं सांगा. माझा हात लागला तर बुडेल का हो?"

प्रेषित म्हणाले, "अंबूबाय, प्रभू मेलेल्यांतून उठले, तेव्हा माझ्या सगळ्या सोबत्यांनी विश्वास ठेवला. मी ठेवला नाही. डोळ्यांनी बघीन तरच मानीन म्हणून अडून बसलो. ते माझ्यावर रागावले नाहीत, हात पुढे केला. जगाने खिळे ठोकलेला हात होता तो! त्याच हाताने मला जवळ घेतलं. लोकांनी टाकलेला हात देव टाकत नसतो. धर दोर!"

अंबूने पदर खोचला. मानाजी दोन्ही हात पसरून आडवा आला. तेव्हा ती जे बोलली ते गावाने ऐकले.

"हा दोर कुणी वळला, नाखवा? मीच ना? नवरा गेल्यावरच मी या धंद्याला लागले. तुमच्या पाचही होड्या माझ्या दोरांनी बांधल्यात. एक तरी बुडाली? माझा दोर चालतो, मग माझा हात का चालत नाही? सरका बाजूला. पाणी वाढतंय!"

मानाजी सरकला. दुसरे काय करणार बिचारा! थोमाबाबांनी होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, क्रुसाची खूण केली. अंबूने दोर मनगटाला गुंडाळला, "येशू, माझ्या बापा!" अशी हाक मारली आणि ओढले. एकटीने! गडी नुसते बघत उभे होते. आणि भाविकहो, होडी सुटली! चुलीवरच्या तव्यावरून लोणी सुटावे तशी. तुम्ही म्हणाल, खाली ओंडके होते, वाळू भिजली असेल. म्हणा! पण साऱ्या गावाच्या गड्यांना जी हलली नाही ती एका बाईच्या मागे निघाली, हे कसे, तेही सांगा. कमरेएवढ्या पाण्यात जाईपर्यंत तिने दोर सोडला नाही.

गडी भानावर येऊन होडीत चढले. थोमाबाबा नाळेवर उभे राहिले. खडकाशी पोचले तेव्हा पाणी पोरांच्या छातीला लागले होते. एक लाट आली, दोघांचे पाय सुटले. त्याच क्षणी प्रेषितांनी वाकून दोघांचे हात धरले आणि त्यांना आत ओढून घेतले.

होडी काठाला लागली. मानाजीने रावळूला उराशी धरले, मग धावत जाऊन थोमाबाबांच्या पायांवर लोळण घेतली. बाबांनी त्याला उठवले. "नाखवा, दोर मी ओढला नाही," ते म्हणाले.

अंबू धाकूचे डोके पदराने पुसत होती. काथ्याने तिच्या तळहातांची सालटी निघाली होती, रक्त ओघळत होते. तिला त्याचे भानही नव्हते. मानाजी तिच्यापुढे ओल्या वाळूत गुडघे टेकून बसला. पाच होड्यांचा धनी! त्याने ते दोन्ही हात आपल्या हातांत घेतले, कपाळाला लावले आणि साऱ्या गावादेखत तो लहान पोरासारखा रडला.

"माझं चुकलं गो, अंबूबाय," तो म्हणाला. "ज्यानं तुझी हाक ऐकली, तो माझंही ऐकेल का?"

"ऐकलं की, नाखवा," अंबू म्हणाली. "रावळू तुमच्या पुढ्यात उभा नाही का?"